चुलीमागची पाल

गुरुजी, परवा लातूरला तुमच्या मुलाने तुमच्या कागदांचं गाठोडं माझ्या हवाली केलं. त्यात तुमचा तो छापील निबंध सापडला: पालीची नवी जात, पहिला नमुना नांदेडच्या एका स्वयंपाकघरात मिळालेला. ते स्वयंपाकघर आमचं. सगळा इंग्रजीत आहे, पण पुढची ओळ मला कळते: पकडल्याच्या दुसऱ्याच दिवशी नमुना स्पिरिटमध्ये ठेवला.

निजामाचं राज्य, हायस्कूल उर्दूतलं, आणि मी पाठशाळेत संस्कृतची रूपं घोकून नुकताच तुमच्या वर्गात आलेलो. आमच्या चुलीमागच्या दगडांतली काळसर पाल भरदुपारी हिंडते, असं मी सांगितलं आणि तुम्ही तडक घरी आलात. आईने जेवायला पाट मांडला, तुम्ही त्यावर उभे राहून पाल पकडलीत. आई म्हणाली, "न्या मास्तर, पण जिती आणून द्या. पाल मेली तर सोन्याची पाल दान द्यावी लागते, आमच्याकडं पितळेचीबी न्हाई." तुम्ही हसलात. "आक्का, खवले मोजतो अन् आठ दिवसांत आणून देतो. शब्द हाय माझा." शिकवत होता उर्दूतून, लिहीत होता इंग्रजीतून, खोटं बोलायला मात्र मायबोली निवडलीत. पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ, हे आमच्या शास्त्राने सांगून ठेवलंय. शास्त्रज्ञाच्या हाती लागली तर काय, ते नाही.

आठव्या दिवशी तुम्ही डबा घेऊन आलात. झाकण काढताच पाल भिंतीवर चढली. तुम्ही गेल्यावर आई म्हणते, "ही आपली न्हाई रे." मी म्हणतो, "गुरुजींनी खवले मोजलेत तिचे. तुला अक्षर तरी येतं का?" दुसऱ्या दिवशी तिने कणकेची पाल केली, हळद लावली आणि गोदावरीत सोडून आली. मी हसलो. त्यानंतर शेवटपर्यंत तिने माझ्याशी कशावरून वाद घातला नाही.

एक पाल मारलीत, ते समजू शकतो. खरं सांगून मागितली असतीत तर कदाचित आईनेही दिली असती. पण भलतीच कुठली पाल आणून आमच्या भिंतीवर सोडलीत, आणि मला तुमचा साक्षीदार केलंत.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एवढं लिहून ठेवतो. डब्यातल्या पालीची शेपटी अखंड होती. आमच्या पालीची तुटून पुन्हा आलेली, आखूड, जाड. मी ती रोज बघायचो. डबा उघडला त्या दिवशीही शेपटी बघितली होती.