आत्याच्या माळेचा दोरा

प्रिय आत्या,

आज सकाळी देवपूजा आटोपली आणि तुझा पितळी डबा चिंचेने घासून अंगणात उन्हात पालथा घातला. आत आता काही नाही. रिकामा डबा बघितला आणि वाटलं, तुला लिहायला हवं. तू जाऊन वर्ष होत आलं. पण तुला सांगावं असं काही परवाच घडलं.

तुझ्या डब्यात मोत्यांची माळ आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आतोबा कापसाचा ट्रक घेऊन हैदराबादला जायचे, तिथून त्यांनी तुला आणलेली. बाबा म्हणायचे, "काचेची असन. ट्रकवाल्याले कोन खरे मोती देते?" आतोबा गेले, तू ऐन तरुणपणी माहेरी परत आलीस, आणि त्यानंतर तुझ्या गळ्यात कुणी काही पाहिलं नाही.

शेवटच्या दुखण्यात तू डबा माझ्या हातात दिलास. "दिगू, हे तुमा दोघा भावाबहिनीचं." एवढंच! मग मी आणि लता तो डबा एकमेकांकडे ढकलत राहिलो.

"इकून टाक, दादा. मी कुठं घालू आता?" लता म्हणाली. तिचे यजमान गेल्यापासून ती तशीच झाली होती गं. फिकट लुगडी, मोकळा गळा, कुणाच्या घरी कार्य असलं की मागच्या दाराशी. नार्नूरला, तिच्या सासरी, स्नेहाचं लग्न ठरलं, तर म्हणे, "हळद जाऊबाई लावतीन. मी सैपाकाकडे पायते." स्वतःच्या पोरीची हळद! मला ते फार लागलं.

विकायचीच तर किंमत तरी कळावी, म्हणून माळ घेऊन आदिलाबादला गेलो. सराफाच्या दुकानात त्याचे म्हातारे काका बसतात. सगळं आयुष्य हैदराबादला मोत्यांच्या कामात गेलेलं. त्यांनी भिंग उचललंच नाही. आधी एक मोती समोरच्या दातावर हळूच घासला. मी दचकलोच! ते हसले. काच दातावर घसरते, खरा मोती वाळूसारखा किरकिरतो, म्हणाले. मग भिंगातून भोकं बघितली.

"बसरा है, खाड़ी का मोती. छोटा दाना, मगर असली. पक्का करना है तो हैदराबाद में एक्स-रे निकालो, पर मेरेकू मेरे दाँत पे भरोसा है."

बाबा असायला हवे होते गं!

"भाव थोडा कम आएगा," ते पुढे म्हणाले. "घिसे हुए हैं." मानेकडचे मोती त्यांनी बोटाने फिरवून दाखवले. एका अंगाने जरा चपटे, घामाने किंचित पिवळे. "अम्मा रोज पहनती थीं."

मी म्हटलं, नाही, ती विधवा होती, माळ डब्यातच असायची.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बरसों डिब्बे में पड़े मोती सूख जाते, बेटा. इनकी चमक देखो. आपकी अम्मा नहीं, तो पड़ोस की अम्मा पहनती होंगी! और ये धागा जौहरी का नहीं, दर्जी का है. हर मोती के बाद हाथ की गाँठ."

पांढरा दोरा. माझ्याच सुईदोऱ्याच्या दुकानातला!

"दिगू, एक पांढरी रीळ दे. पोलक्याचे हूक तुटले." आठवतं ना? मी चिडवायचो, "आत्या, हूक तुटतेत का तू तोडते?" आणि तू म्हणायचीस, "तुह्या दुकानातला दोराच कच्चा हाय, मी का करू!"

आणि ते गळाबंद पोलकं! आपल्या तलमडुगूच्या मे महिन्यात बायका पदराने वारा घेत ओट्यावर बसायच्या, आणि तू मात्र गळ्यापर्यंत बंद. मी समजायचो, वैराग्य आहे. किती साधा होतो मी! पण तू तरी काऊन नाही सांगितलंस? आम्ही रागावलो असतो का? कदाचित रागावलो असतो. बाबा तर नक्कीच.

एक मात्र मनातून जात नाही. तू रोज पहाटे अंघोळ करून देवापुढे बसायचीस, तेव्हाही ती माळ पोलक्याआड गळ्यात असणार. म्हणजे देवाला ठाऊक होतं. त्याने कधी हरकत घेतली नाही. मग आपण कोण गं?

म्हाताऱ्यांनी कागदावर आकडा लिहून दिला. तो कागद मी खिशात घातला आणि माळ रेशमात ओवून मागितली.

हळदीच्या दिवशी नार्नूरला लता चुलीमागे बसली होती. तिथेच बसून तिला सगळं सांगितलं. ती एकदम हसायलाच लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हून मले पाठ चोळू देत नवती होय! मी म्हनो, म्हातारी लाजून राह्यली!"

मी माळ पुढे केली. तिचा हात थांबला. "दादा, लोक का म्हनतीन?"

"म्हनतीन, काचेची असन."

आत्या, तिने ती घातली! पदराच्या आत नाही, वर. तशीच मांडवात गेली आणि जाऊबाईंच्या हातातली हळदीची वाटी मागून घेतली. एकदोघी कुजबुजल्या, नाही असं नाही. पण शेजारची तेलुगू मावशी जवळ आली, मोती चाचपले आणि म्हणाली, "मुत्यालु बागुन्नाई." छान आहेत मोती. स्नेहाने गाल पुढे केला आणि लताने तिला हळद लावली.

माळ आता लताकडेच राहील, रोज गळ्यात. दोरा झिजला की मी आदिलाबादहून नवा ओवून आणीन, हा तुला शब्द. आणि कधी तिने माझ्या दुकानात येऊन पांढरी रीळ मागितली, तर कशाला म्हणून विचारणार नाही.

तुझा,
दिगू