शेवटच्या रिळाची विल्हेवाट

मी, श्रीपाद दत्तोपंत लघाटे, वय वर्षे चोपन्न, धंदा फोटोग्राफी, राहणार बडा गणपतीच्या मागली गल्ली, इंदूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे पुढीलप्रमाणे व्हावे. वकिलांनी दिलेल्या नमुन्यात सुरुवातीलाच ‘ईश्वरास साक्षी ठेवून’ असे शब्द आहेत. ते मी गाळले. ज्याला जन्मभर मानले नाही त्याला आता साक्षीला कशाला बोलवू? डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो बघून मला पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे. फोटो मलाही वाचता येतो, म्हणून वाद घातला नाही.

कलम १. राहत्या दोन खोल्या, बँकेत असेल ते आणि सगळी पुस्तके माझी पुतणी अरुंधती हिला. ती कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि आमच्या घराण्यात भांडण झाल्यावरही माझ्याशी बोलणारी ती एकटीच. हे मृत्युपत्र अमलात आणायचे काम तिचे. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझे थोरले बंधू नानासाहेब यांनी, यात नाक खुपसू नये.

कलम २. नानासाहेबांना शाळिग्रामाचे दोन तुकडे द्यावेत. टेबलाच्या खालच्या खणात फडक्यात बांधलेले आहेत. मी अकरा वर्षांचा असताना देव आत कुठे बसतो ते बघायला देवघरातला शाळिग्राम उंबऱ्यावर ठेवून हातोड्याने फोडला. आत गोगलगाईसारखी वळणे निघाली. मी हरखून हाका मारल्या, आणि नानासाहेबांनी पळत जाऊन वडिलांना सांगितले. आमचे वडील दत्तोपंत होळकर दरबारात कारकून होते, गरीब स्वभावाचे म्हणून नावाजलेले. त्यांनी मला आधी छडीने मारले, छडी मोडल्यावर जेवायच्या पाटाने. डावा हात कोपरात मोडला तो आजतागायत वाकडा आहे. नानासाहेब दारात उभे राहून बघत होते, मध्ये पडले नाहीत. यासाठी मी त्यांना कधीच माफ केले नाही. (हे आज मागाहून घालतो:) खालचे पाचवे कलम वाचून त्यांनी माझ्या नावाने खुशाल थुंकावे. तेवढा हक्क त्यांना देतो.

कलम ३. एन्लार्जर, ट्रे, दिवे, पडदे आणि लग्नाच्या फोटोंच्या निगेटिव्ह समोरच्या गल्लीतल्या शारदा फोटोवालीला. नवऱ्यापेक्षा तिचा हात चांगला आहे. सोळा मिलिमीटरचा चावीचा सिनेकॅमेरा मात्र कोणालाही देऊ नये. तो माझ्या चितेआधी त्याच हातोड्याने फोडावा. अरुंधतीला जिवावर येईल. तिने डोळे मिटून फोडावा.

कलम ४. आता मुद्द्याचे.

महूच्या छावणीत रविवारी इंग्रजी सिनेमे लागत. मी गाडीने जाऊन बघत असे. आकाशातून तबकडी उतरायची, आतून कोणीतरी बाहेर यायचे, आणि माणसे सगळ्यात आधी त्याच्यावर गोळ्या झाडायची. सोल्जर लोक शिट्ट्या मारायचे. मी मात्र अंधारात बसून विचार करायचो की ही तर देवाचीच गोष्ट झाली. वरून कोणीतरी या म्हणून रात्रंदिवस हाका मारायच्या आणि कोणी आलाच तर त्याला ठोकून काढायचे. असा सिनेमा आपण इंदुरात काढायचा, मराठीत, आणि शेवटी स्वच्छ दाखवायचे की वर कोणीही नाही, हे मी ठरवले.

नाव ठेवले ‘सातव्या ताऱ्याचा पाहुणा’. त्या ताऱ्यावर सगळी यंत्रे असतात, देव तेवढा नसतो. त्यांच्या यंत्रावर पृथ्वीवरून सारखी ‘देवा, देवा’ अशी हाक ऐकू येते. हा देव कोण, हे बघायला त्यांचा एक जण येतो. ज्याच्या दारात जाऊन विचारतो तो त्याला बडवतो. शेवटी तो एका लढाईच्या मधोमध उभा राहतो, आकाशाकडे बघून हात जोडतो. आकाश रिकामे. समाप्त.

पाहुण्याचे काम संताजी खराडे याने केले. वय सव्वीस, मिलमध्ये कामाला. वडील मारुतराव होळकरांच्या पलटणीतले, ते लवकर वारले. आई जनाबाई माझ्याच गल्लीत राहतात. संताजी शनिवार धरायचा, वाटेत देऊळ दिसले की सायकलवरून उतरायचा. असला माणूस माझ्या नास्तिक सिनेमात का आला? कारण मी सांगेन ते त्याला खरे वाटायचे. मला तो इंदुरी रिवाजाने भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचा. एकदा म्हणाला, “श्रीपादभिया, शेवटी देव नाहीच असं दाखवायचंय का? थोडी गुंजाइश ठेवा ना.”

मी म्हटले, “तू मार खा, गुंजाइशीचं मी बघतो.”

मारही त्याने खरा खाल्ला. खोटी चपराक पडद्यावर खोटी दिसते असे माझे मत. एका सीनला अकरा चपराका लागल्या, ओठ फाटला, रक्त हनुवटीवर आले. मी म्हटले पुसू नकोस, आणि जवळून घेतले.

शेवटची लढाई गौतमपुऱ्याची. दिवाळीच्या पाडव्याला तिथे हिंगोट खेळतात. हिंगोटाचे फळ पोखरून त्यात दारू ठासायची, तोंड मातीने बंद करायचे, काडी बांधायची, पेटवून समोरच्यावर फेकायचे. एका बाजूला गौतमपुऱ्याचा तुर्रा, दुसऱ्या बाजूला रुणजीची कलगी. दोघेही आधी देवनारायणाच्या देवळात डोके टेकतात आणि मग एकमेकांना जाळायला उभे राहतात. मला अशी लढाई कोण उभी करून देणार होते? १९६७ च्या पाडव्याला आम्ही तिथे गेलो. हिंगोट लागून संताजी भाजला आणि इंदूरला आणताना देपालपूरच्या अलीकडे जीपमध्येच गेला.

एवढे सगळ्यांना ठाऊक आहे. जनाबाईंना मी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, रीळ धुताना खराब झाले. दुसरी, शेवटी संताजीने देवळाकडे तोंड करून हात जोडले. रीळ चांगले आहे, माझ्या पलंगाखाली लोखंडी डब्यात. अरुंधतीने ते न बघता जाळावे. प्रोजेक्टरच्या मशीनवर चढवू नये.

कलम ५. वरचे चौथे कलम, रीळ जाळण्यापुरते, रद्द.

काल तिथवर लिहून कागद झाकला तेवढ्यात जनाबाई डबा घेऊन आल्या. त्या आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. मी एकटा, म्हणून आठ वर्षे त्यांच्याकडून भाजी-भाकरी येते. संताजीचा पत्र्याच्या पोशाखातला फोटो मीच काढलेला. तो त्यांनी देवघरात ठेवला आहे. बाळकृष्णाशेजारी सातव्या ताऱ्याचा पाहुणा, आणि रोज कुंकू दोघांनाही. काल डबा ठेवून त्या म्हणाल्या, “एखादा तुकडा तरी उरला असेल हो. हात जोडताना कसा दिसला पोर, तेवढंच बघायचंय.” हे त्या दरवर्षी विचारतात, मी दरवर्षी नाही म्हणतो. कालही म्हटले. मग त्यांनी आणलेली भाकरी मी तशीच झाकून ठेवली, आणि आज खरे लिहितो.

संताजीचा पोशाख रॉकेलच्या डब्यांच्या पत्र्याचा, आतून गादीचा कापूस. पुढे जोड दिसू नये म्हणून तो पाठीमागून तारेने आवळायचा. ती तार मीच आवळली. पोशाख त्याच्या हाताने निघण्यासारखा नव्हता. पक्कड माझ्या खिशात होती.

मी तीस-पस्तीस पावलांवर बैलगाडीवर कॅमेरा लावून उभा. त्याला सांगितले होते, मध्ये जाऊन उभा राहा, मी हात वर केला की आकाशाकडे बघून हात जोड. तो गेला. त्याच्या अंगावर ना तुर्ऱ्याची खूण, ना कलगीची. ज्या त्या बाजूला वाटले की हे चमकणारे सोंग पलीकडच्यांचे, आणि दोन्हीकडून त्याच्यावरच मारा सुरू झाला. पहिला हिंगोट खांद्यावर फुटला. दुसऱ्याने कानाजवळचे केस पेटले. तिसरा गळ्यापाशी पत्र्याच्या आत शिरला आणि आत फिरत राहिला. आतल्या कापसाने पेट घेतला. पत्र्याच्या सगळ्या फटींतून धूर येऊ लागला. तो नखांनी पत्रा ओढत होता, बोटे कापून रक्त उडत होते. मग तो वळला आणि धडपडत माझ्याकडे येऊ लागला. निम्म्या वाटेत गुडघ्यावर बसला, आणि त्याने हात जोडले. मी हात वर केलेला नव्हता.

मला वाटले, काय काम करतोय पठ्ठ्या.

चावीचा कॅमेरा एका दमात अर्धा मिनिट चालतो. तो तेवढ्यात थांबला. मी चावी पुन्हा भरली. पंधरा-सोळा वेढे लागतात. भरताना मी डोळा काचेवरून काढून त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघितले. तो आकाशाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. तोंड उघडून ‘भिया’ म्हणत होता. मला कळले. कळले नव्हते असे मी आठ वर्षे स्वतःला सांगतो आहे, ते साफ खोटे. मला कळले, मी चावी पूर्ण भरली, आणि पुन्हा बटण दाबले. कॅमेरा थांबून पुन्हा सुरू झाला की एखादी चौकट जास्त उजळते, म्हणून रिळात त्या जागी एक पांढरा झटका आहे. झटक्याआधीची चूक म्हणता येईल. झटक्यानंतरचे माझे आहे.

त्याला विझवले ते तुर्रा-कलगीवाल्यांनी. एका क्षणापूर्वी एकमेकांना जाळत होते ते दोन्हीकडून धावले, पगड्या सोडून त्याच्यावर टाकल्या, माती ओढली, तापलेला पत्रा उघड्या हातांनी फाडला. देव मानणारी अडाणी माणसे म्हणून ज्यांना मी सिनेमात दाखवणार होतो, तीच ही माणसे. मग त्यांनी मला बैलगाडीवरून खाली ओढले. दोन बरगड्या, तीन दात. फार कमी मारले.

वर कोणी आहे की नाही, मला आजही वाटते की नाही. पण त्या संध्याकाळी एका माणसाने माझ्यापुढे हात जोडले, त्याला सोडवायचे हत्यार माझ्या खिशात होते, आणि मी बघत बसलो. देवाला शिव्या द्यायचा माझा हक्क त्या दिवशी गेला.

तेव्हा रीळ आणि प्रोजेक्टर जनाबाई मारुतराव खराडे यांना. माझ्या तेराव्यानंतर अरुंधतीने हे कलम त्यांना सावकाश वाचून दाखवावे. मग बघायचे की जाळायचे, त्या ठरवतील.

कलम ६. माझे दहन वीजशवदाहिनीत नको, लाकडावरच करावे. भटजी नको. संताजीच्या मानाने मला कमीच भाजेल, मी मेलेला असेन.

स्थळ: इंदूर. तारीख: १४ मार्च १९७६, रविवार.

सही: श्रीपाद दत्तोपंत लघाटे

साक्षीदार पहिला: जयसिंगराव भोईटे, निवृत्त हवालदार, शेजारी. सही केली. सही करून म्हणाले, “लघाटेजी, हे तुम्ही काय लिहिलंय हो,” आणि निघून गेले.

साक्षीदार दुसरा: येथे खुलासा करणे भाग आहे. दुसरा साक्षीदार आणायला अरुंधतीला धाडले, तर ती जनाबाईंना हाताला धरून घेऊन आली. मी म्हटले, यांना नको. ती म्हणाली, “काका, तेराव्याची वाट कशाला?” आणि त्यांना खुर्चीवर बसवून पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. मी उठून जाऊ शकलो असतो. गेलो नाही.

जनाबाई पाचव्या कलमाला रडल्या नाहीत. वाचून संपल्यावर त्यांनी पदर सावरला. मग बोलल्या ते अरुंधतीने टिपले, मी उतरवतो.

“पुढच्याच पाडव्याला मी गौतमपुऱ्याला जाऊन आले. तुमची बैलगाडी कुठं होती, माझा संताजी कुठं पडला, सगळं लोकांनी दाखवलं. देऊळ त्याच्या पाठीमागं होतं.”

मी विचारले, “मग इतकी वर्षं मला जेवण का धाडलंत?”

“तुम्ही जगायला हवं होतं. सांगणारं दुसरं होतं कोण? तुम्ही एकटे, स्वतः चार घास करून खाल्ले नसते, लवकर मेला असतात.”

अरुंधतीने शाईचा पॅड पुढे केला. जनाबाईंनी हात मागे घेतला.

“आत्ता अंगठा नाही. मेल्यावर कळवून सुटायला बघताय होय? आधी मशीन लावा. तुम्ही लावायचं, हिनं नाही. मी त्याचा चेहरा बघणार, आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून बघायचं, तो पांढरा झटका येऊन गेल्यावरही, पार शेवटपर्यंत. मान वळवायची नाही. मग देते अंगठा.”

तेव्हा दुसऱ्या साक्षीदाराची जागा तूर्त मोकळी आहे आणि हे मृत्युपत्र कायद्याने अजून पुरे झालेले नाही. दुपारचे दोन वाजले आहेत. अरुंधती खिडक्यांना घोंगड्या लावते आहे. मी रिळाचा डबा उघडायला उठतो.