चहाच्या ग्लासांची टीम

रविवार, संध्याकाळ. मस्कत.

आपलं कॉलेज आज फुटबॉलमध्ये एका गोलने हरलं. आपलं म्हणजे, मी कुठे शिकलो तिथे? आम्ही येरवड्याची पोरं नुसती मैदानाच्या भिंतीवर बसून ओरडायचो. मॅच संपली की टपरीच्या बाकावर रिकामे ग्लास खेळाडूंसारखे मांडायचे, गोल कुठून खाल्ला ते शोधायचं. आज त्या पोरांपैकी सलीमने टपरीवरून ते ग्लास व्हिडिओ कॉलवर दाखवले. मध्ये हे मोठं भगदाड.

तो म्हणाला, "बरोबरी चालू होती, आणि कोचने डिफेंडर काढून फॉरवर्ड घातला. हुशारच माणूस!"

मी तावातावाने म्हणालो, "आपला उंच विकी होता ना? त्याला मागे उभा करायचा."

सलीमच्या शेजारी बसलेला मंग्या म्हणाला, "साहेब, विकी कॉलेज संपवून बँकेत लागला. तुमची टीम जुनी झाली."

सगळे हसले. मीपण हसलो. इथे एसी बसवताना मी रोज मनात त्याच जुन्या टीमला खेळवत होतो की काय?

सलीमला कळलं असावं. त्याने एकेक ग्लास उचलून नवीन पोरांची नावं सांगितली. मी चुकलो की परत सांगायचा. गोलकीपरचं नाव अजून तोंडात बसत नाही. उद्या कामावर जाताना घोकतो.