कबुतरखान्यात काही नव्हतं

प्रिय व्हिएरी,

फ्लॉरेन्सला गेल्यापासून तुझं एकच पालुपद: लापोनं किती प्रेमानं ठेवून घेतलंय, लापो प्रजासत्ताक मोडून आलेल्या नव्या सरकारांची भेट घालून देणार आहे. राज्यकर्त्यानं कुणावर विश्वास ठेवावा यावर तू पानंच्या पानं लिहितोस, आणि स्वतः मात्र जो गोड बोलेल त्याच्या घरी पथारी पसरतोस. धन्य आहे तुझी!

वसंतात चर्चमधल्या तक्रारपेटीत कुणीतरी तुझ्याविरुद्ध निनावी चिठ्ठी टाकली. तुला कैदेत नेऊन दोरीला टांगलं, खांदे निखळले. तू जाईपर्यंत तुला सदरा मीच घालून देत होते. “शत्रू थोडे आहेत का, तेस्सा?” म्हणून तू हसलास. मला नाही हसू आलं. तुला तिथे विचारत होते ते जुन्या प्रजासत्ताकावरच्या तुझ्या पुस्तकाबद्दल, आणि ते फक्त आपल्याकडे जेवायला येणाऱ्या तिघांनाच माहीत होतं.

म्हणून तू निघायच्या आदल्या दिवशी मी तिघांना एकेकटं गाठलं. पाद्रीबाबांना सांगितलं, पुस्तक दारूच्या पिंपात आहे. ते म्हणाले, “मला कशाला सांगतेस, बाई? मला माझी जपमाळ बरी.” बिंदो भावोजींना तेलाच्या घाण्यामागची जागा सांगितली. तुला न्यायला आलेल्या लापोला सांगितलं, कबुतरखान्यात. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, “ताई, माझ्या पोटातलं ओठावर यायचं नाही.”

काल शिपाई आले. पिंपाकडे बघितलं नाही, घाण्याकडे वळले नाहीत, थेट शिडी लावून कबुतरखान्यात चढले. त्यांचा नायक विष्ठेनं माखून खाली उतरला तेव्हा मला हसू फुटलं, आणि मग तू आठवलास. अरे, तू त्याच लापोच्या घरी झोपतोयस! खरं पुस्तक कुठे आहे ते तुलाही सांगणार नाही. दोरीला टांगलं की माणूस बोलतो.

शेजारची नेंचा चीज विकायला शहरात येतेय, तिच्या टोपलीतून हे पाठवतेय. वाचून झालं की आहेस तसा सरहद्दीपलीकडच्या सिएनाच्या वाटेला लाग, लापोचा निरोपही घेऊ नकोस. घरी मुळीच येऊ नकोस. शिपाई गेलेले नाहीत, आपल्याच स्वयंपाकघरात बसून माझ्या हातचं खातायत. तू रविवारी येणार, असं मी त्यांना सांगितलंय, म्हणजे तोवर ते इथेच तुझी वाट बघतील. मी निघाले तर त्यांना लगेच संशय येईल, म्हणून मी इथेच आहे. फार भीती वाटते रे. पण रविवारपर्यंत मी त्यांना पोटभर जेवू घालीन, तेवढ्यात तू सरहद्द ओलांड.

तुझीच,
तेस्सा