वैनगंगा थंडर्सचा दुसरा अल्बम

९ एप्रिल १९७२, रविवार
दुसऱ्या अल्बमचं काम आजपासून सुरू. निश्चय पक्का. २८ मेला बायकोचं, ललिताचं, वर्षश्राद्ध आहे, त्याआधी संपवायचं.

बँड तोच. गिटार मी. गायन गुणाकर. तो शाळेत इंग्रजी शिकवतो, गाणीही इंग्रजीत तोच लिहितो, अर्थ विचारलेला त्याला आवडत नाही. ड्रम दुलीचंद, लांजीच्या बसचा ड्रायव्हर. बालाघाटात रॉक बँड म्हटलं की आमचंच नाव घेतात. दुसरा बँड नाही, पण तो मुद्दा वेगळा.

पहिला अल्बम म्हणजे गुणाकरच्या टेपरेकॉर्डरवरचा एक स्पूल. प्रत एकच. दोन वर्षांपूर्वी आमच्या पुढच्या खोलीत केला. उत्तम झाला. दोष एवढाच की मागच्या पडवीतून ललिताच्या मुसळाचा आवाज आला आहे. तिच्या माहेरून धान यायचं, ते ती घरीच कांडायची. मिलचा तांदूळ तिला चालत नसे. शिवाय अगदी शेवटी ती काहीतरी बोलते. तिथे मी दरवेळी बटण बंद करतो. तिलाही वाईट वाटलं होतं. म्हणाली होती, पुढच्या वेळी मले आधी सांगा, मी विमलाबाईकडे जाऊन बसन. दुसरा अल्बम एकदम स्वच्छ करू, असं मी तिला कबूल केलं होतं.

नवा स्पूल इथे मिळत नाही. त्याच स्पूलवर भरू. जुनं आपोआप पुसलं जाईल. सोय झाली.

१६ एप्रिल
स्टुडिओ तयार. खिडक्या-दारांना गाद्या लावल्या. बाहेरचा एक आवाज आत येणार नाही. शेजारच्या विमलाबाईंनी विचारलं, पाहुणे येऊन राह्यले का भाऊजी? रेकॉर्डिंग आहे म्हटलं. त्यांनी आणखी दोन गाद्या पाठवल्या आणि डॉक्टरला दाखवा म्हणाल्या.

माइकला स्टँड नव्हता. ललिताचं उखळ पडवीतून उचलून आणलं, त्यात बांबू उभा करणार. तेवढ्यात दुलीचंदने गंमत म्हणून रिकाम्या उखळात काठी मारली. मी त्याचा हात धरला. रिकाम्या उखळात मारलेलं ललिताला खपत नसे, घरात तोटा येतो म्हणायची. मी तसलं काही मानत नाही. उखळ चांगल्या लाकडाचं आहे, म्हणून.

२३ एप्रिल
तालीम. पंखा बंद ठेवला, त्याची घरघर येते. चार मिनिटांचं गाणं अडीच मिनिटांत संपलं. लांजी जवळ आली की दुलीचंदची बस पळते, तसंच. गुणाकरचं शेवटचं कडवं म्हणायचं राहून गेलं. अर्थाची हानी झाली म्हणाला. कोणता अर्थ ते विचारलं नाही.

कारण शोधलं. व्होल्टेज.

३० एप्रिल
ताल मी स्वतः पायाने धरला. पाय अचूक होता. बाकी दोघे चुकले.

७ मे
समोर गजराचं घड्याळ ठेवून त्याच्या टिकटिकीवर वाजवलं. दुसऱ्या गाण्यात गजर झाला. गुणाकर म्हणाला, राहू द्या, आधुनिक वाटतं. मग गरमीने त्याला चक्कर आली. विमलाबाईंनी कांदा हुंगवला.

एकंदरीत प्रगती आहे. १४ तारखेला रेकॉर्डिंग, काही झालं तरी.

१४ मे, दुपारी चार
स्पूल लावला. गुणाकरने घसा साफ केला. माझं बोट बटणावर होतं. दुलीचंद म्हणाला, पुसायच्या आधी एकदा ऐकू द्या, ताल सापडून नाही राह्यला.

लावलं. गाद्यांमुळे आवाज फार स्पष्ट आला. मुसळ एकसारखं चालू. दण, दण, दण.

दुलीचंदने काठ्या खाली ठेवल्या. मग म्हणाला, "शरदभाऊ, मी तं वहिनीचं मुसळ ऐकूनच वाजवत होतो. तुम्हाले काय वाटलं?"

गुणाकरलाही ठाऊक होतं. मला का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाला, आम्हाला वाटलं घरातलंच माणूस, तुम्हाला माहीत असेल.

हे शक्य नाही असं मी म्हटलं आणि सिद्ध करायला टेप मागे घेतली. तिसऱ्या गाण्यात माझा हात अडकतो. आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तिथे मुसळ थांबतं. मी सावरलो की पुन्हा सुरू होतं.

शेवट आला. मी सवयीने बटणाकडे हात नेला. दुलीचंदने तो धरला. ललिता म्हणते, "झालं का तुमचं? माहे तांदूळ केव्हाचे झाले. तुमच्यासाठी रिकाम्या उखळात मारून राह्यली मी."

रेकॉर्डिंग रद्द केलं. कारण गरमी.

१५ मे
ऑफिसला गेलो नाही. गाद्या परत केल्या. विमलाबाईंनी विचारलं, गेले का पाहुणे? हो म्हटलं.

उखळ पडवीत जाग्यावर ठेवलं. माझ्या अंदाजापेक्षा जड आहे.

२८ मे
वर्षश्राद्ध. जेवणं झाल्यावर पहिलाच अल्बम लावला. दुसरा तांत्रिक कारणामुळे पुढे ढकलला, असं सर्वांना सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. या वेळी बटणाला हात लावला नाही. शेवटी तिचा आवाज आला तेव्हा तिचे लांजीचे भाऊ उठून पडवीत गेले.

विमलाबाई दुलीचंदला म्हणाल्या, ड्रमवर हात मजबूत आहे हो तुमचा. दुलीचंदने कढी मागितली.

संध्याकाळी स्पूलच्या डब्यावर नवी चिठ्ठी लावली. आधीच्या चिठ्ठीवर माझं नाव सर्वांत वर, मोठ्या अक्षरात होतं. आता लिहिलं, ताल : ललिता. बाकीची नावंही घालणार होतो, पण चिठ्ठी लहान कापली गेली.