वाणात दिलेली काचगडची राणी

२ जानेवारी
संकल्प : यंदा ग्वाल्हेरचा मराठी माणूस फँटसी वाचणार. माझ्यामुळे. मंडळाच्या वाचनालयाचं कपाट माझ्याकडे, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अंबरीश सुचवतो' हे सदरही माझंच. आज गुरुप्रसाद टेंभे यांची कादंबरी सुचवली, 'काचगडची राणी'. ड्रॅगन, जादू, हरवलेलं राज्य. लिहिलं, शेवट असा की झोप उडेल. मी पान ४१वर आहे. ड्रॅगन अजून आलेला नाही. पण अनुभवी माणसाला अंदाज येतो.
प्रतिसाद : एक अंगठा. बायकोचा. मीच मागितला होता.

५ जानेवारी
अध्यक्ष मानसिंगरावांचा फोन. कपाट काढून तिथे वॉटर कूलर बसवायचाय म्हणे. या थंडीत! धुक्यात समोरचं घर दिसत नाही आणि यांना गार पाणी हवंय. भांडलो. ते म्हणाले, रथसप्तमीच्या मीटिंगला एक तरी वाचक उभा करून दाखवा, कपाट राहील. एक! मला हसूच आलं.

८ जानेवारी
हसू ओसरलं. मुलीला विचारलं. अंतरा म्हणाली, बाबा, ग्रुप तो मैंने म्यूट कर रखा है, बुरा मत मानना. नाही मानलं. तरुण पिढी हळूहळू वाचते.

१० जानेवारी, सकाळी
सापडलं! संक्रांतीचं वाण! बायको, सीमंतिनी, दरवर्षी हळदीकुंकवाला बायकांना वाट्या नाहीतर डबे देते. यंदा प्रत्येकीला 'काचगडची राणी'. प्रकाशकाकडे पडून असलेला सगळा लॉट मागवला. माणूस फोनवर गहिवरला.
सीमंतिनी म्हणाली, अहो, माझी नाक कटवाल तुम्ही. मी समजावलं की डब्यात नुसतं पीठ राहतं, पुस्तकात अख्खं राज्य राहतं. ती आत निघून गेली. पटलं असावं.

१५ जानेवारी
हळदीकुंकू जोरात. तिळगूळ, अत्तर, राणी. दर्पण कॉलनीपासून हजीऱ्यापर्यंतच्या बायका. मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. एकीने विचारलं, ये क्या है, कॅलेंडर? कुतूहल आहे म्हणायचं.

१८ जानेवारी
सीमंतिनी सिटी सेंटरला शालिनीताईंकडे हळदीकुंकवाला जाऊन आली. वाण काय मिळालं? 'काचगडची राणी'! म्हणजे पुस्तक फिरतंय. वाचून संपवल्याशिवाय शालिनीताई पुढे देतील का? तीन दिवसांत! विलक्षण बाई.

२२ जानेवारी
राण्या रोज परत येतायत. एकीवर हळदीचा अंगठा. सीमंतिनी म्हणाली, आता फक्त सुमनताईंकडची यायचीय, ती पण येईल. उगाच तिच्यावर ओरडलो. मग बाल्कनीत एकटाच बसलो. वाईट वाटलं. इतकी वर्षं सुचवतोय, पण पुढे काय झालं असं एकदाही कुणी विचारलं नाही.

२५ जानेवारी, रथसप्तमी
सुमनताई आल्या! पुस्तक छातीशी धरून. भर मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी वाचलं, दोनदा वाचलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तरी. मला भरून आलं.
मग त्या म्हणाल्या, पण अंबरीश भैया, शेवटची पानंच नाहीत यात. राणीचं काय झालं तेवढं सांगून टाका, जिवाला चैन नाही.
सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी घसा साफ केला. सांगितलं, राणी ड्रॅगनवर बसून काचगडला परत येते.
सुमनताई म्हणाल्या, कौनसा ड्रॅगन? तो तर सातव्या प्रकरणातच मेला. राणीनेच मारला.
कुणी हसलंसुद्धा नाही. त्यांनी पुस्तक शेजारच्या खुर्चीवर ठेवलं आणि तिळगूळ न घेताच गेल्या.

२६ जानेवारी
घरातल्या सगळ्या प्रती तपासल्या. एकीतही शेवट नाही. प्रकाशक फोन उचलत नाही. सुट्टी असेल.

२८ जानेवारी
कपाट गेलं. मानसिंगराव म्हणाले, वाचक उभा राहिला खरा, पण पुस्तक ठेवून निघून गेला. कूलर बसला. पाणी प्यायलो, दात ठणकले.
संध्याकाळी निश्चय केला, निदान आपण तरी हे पुस्तक वाचून काढायचं. चष्मा पुसला. पान ४१ उघडलं. पण ड्रॅगन मरणार हे सुमनताईंनी आधीच फोडून ठेवलंय! आता काय मजा राहिली? लोकांना पुस्तक वाचायचं कसं हेच कळत नाही.
खूण होती तिथेच ठेवून पुस्तक मिटलं.