सकाळच्या हस्तांदोलनातून उजव्या कोपरास सूट मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता साहेब,
पाणीपुरवठा विभाग, मुख्य कार्यालय,
पहिला मजला (जिन्याच्या तोंडाशी, जेथे आपण रोज सकाळी उभे असता).

विषय : रोज सकाळी होणाऱ्या हस्तांदोलनातून अर्जदाराच्या उजव्या कोपरास सूट मिळणे, तसेच उद्या शुक्रवारी होणारा सत्कार हात हातात न घेता पार पडणे, याबाबत.

संदर्भ : १) आपले परिपत्रक ‘हात मिळवा, मन मिळवा’.
२) फिजिओथेरपिस्ट बाईंनी अर्जदारास दिलेला तोंडी दम.

महोदय,

अर्जदार आपल्या विभागाच्या मीटर दुरुस्ती शाखेत मेकॅनिक असून, सदर अर्ज त्याने तोंडी सांगितला व त्याच्या पत्नीने लिहून घेतला आहे. कारण अर्जदाराचा उजवा हात सध्या पेन धरत नाही. अक्षर सुवाच्य असल्यास श्रेय पत्नीचे आहे. मजकुरात मध्येच काही आगाऊपणा आढळल्यास तोही तिचाच आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

१. अर्जदाराचे काम म्हणजे बंद पडलेली पाण्याची मीटरे उघडणे, साफ करणे आणि चालू करून परत झाकण बसवणे. मीटरचे स्क्रू गंजून इतके घट्ट बसलेले असतात की ते फिरवताना माणसाला आपल्या सगळ्या जुन्या शत्रूंची आठवण होते. असे असूनही अर्जदारास हे काम मनापासून आवडते. दुरुस्त केलेले मीटर चाचणीच्या नळाला लावल्यावर आतले चक्र पहिल्यांदा फिरते, तेव्हा त्याला जो आनंद होतो तो पगाराच्या दिवशीही होत नाही. हे अर्जात लिहिण्याची गरज नव्हती, परंतु ते खरे आहे.

२. गेल्या काही महिन्यांपासून अर्जदाराच्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला, हाडापाशी, कळ येऊ लागली. सुरुवातीस ती फक्त स्क्रू पिळताना येई. मग टॉवेल पिळताना, दाराची कडी काढताना आणि शेवटी चहाचा कप उचलतानाही येऊ लागली. अर्जदाराने ‘दुखतंय तर दुखू दे’ हे धोरण अवलंबिले. कोपरास ते मान्य झाले नाही. त्यानंतर अर्जदाराच्या मेहुण्याने कोपर जोरात चोळण्याचा सल्ला दिला. तो अंमलात आणताच, दुखणे जे कोपरात मावत होते ते मनगटापर्यंत उतरले.

(लेखनिकेची नोंद : माझ्या भावाने ‘हलक्या हाताने’ असं सांगितलं होतं. जोरात चोळायची हौस यांचीच.)

३. सबब अर्जदार फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेला. बाईंनी दुखण्याचे नाव ‘टेनिस एल्बो’ असे सांगितले. अर्जदाराने टेनिसची रॅकेट आजवर फक्त दुकानाच्या काचेतून पाहिलेली असल्यामुळे, हे दुखणे पत्ता चुकून आपल्याकडे आले असावे, अशी शंका त्याने व्यक्त केली. त्यावर बाई म्हणाल्या, “खेळणारे कमीच येतात हो माझ्याकडे. स्क्रू पिळणारे, रंग मारणारे, कणीक मळणारे, हेच जास्त.”

बाईंचे उपचार पुढीलप्रमाणे : कोपराखाली पट्टा बांधणे, काम झाल्यावर बर्फाने शेकणे, आणि पाण्याची छोटी बाटली हातात धरून मनगट अगदी सावकाश खाली सोडणे. वर आणताना डाव्या हाताची मदत घ्यायची, खाली मात्र उजव्यानेच सोडायचे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड करण्यासही बाईंनी सांगितले, म्हणजे मूठ आवळावी लागत नाही. “हळूहळू आलंय, हळूहळूच जाणार. घाई केलीत तर पहिल्यापासून,” असा त्यांचा नियम आहे. अर्जदाराने सर्व काही तंतोतंत पाळले. एका रविवारी संध्याकाळी तो भरलेला कप उजव्या हाताने उचलू शकला, त्याचा आनंद घरात सर्वांनी साजरा केला. सोमवारी सकाळी दहा वाजता कार्यालयात हस्तांदोलन झाले आणि कप पुन्हा डाव्या हातात आला.

४. आता अर्जदार मुद्द्यावर येतो.

आपण या विभागात रुजू झाल्यापासून रोज सकाळी जिन्याच्या तोंडाशी उभे राहून प्रत्येक कर्मचाऱ्याशी हस्तांदोलन करता. हेतू थोर आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु आपले हस्तांदोलन हे नुसते हस्तांदोलन नसते. आपण हात धरता, दाबता, वरखाली करता, “काय, कसं काय?” असे विचारता आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत सोडत नाही. अर्जदाराने ‘एकदम मजेत’ हे उत्तर प्रश्न पूर्ण होण्याआधी देण्याचा सराव केला. तेव्हा आपण “वा, काय उत्साह!” असे म्हणून आणखी जोरात हलवले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, अशी त्या वेळी अर्जदाराची भावना झाली.

५. ‘मग आधीच का सांगितले नाही?’ असे आपण विचाराल. आवक शाखेतील लिपिक हात नुकतेच धुऊन आल्यामुळे एके दिवशी नुसती बोटे पुढे करते झाले. दुसऱ्याच आठवड्यात ‘उत्साहाचा अभाव’ या कारणास्तव त्यांची बदली तक्रार खिडकीवर झाली. तक्रार खिडकी म्हणजे काय, हे वरच्या मजल्यावरून नीट दिसत नाही. तिथे ज्यांच्या घरी पाणी आले नाही ते येऊन ओरडतात, ज्यांच्या घरी फार आले तेही येऊन ओरडतात. सदर लिपिक आता घरी बायकोने हाक मारली तरी “पुढच्या खिडकीवर जा” असे म्हणतात.

तेव्हा अर्जदाराची अवस्था आपण समजून घ्यावी. हात टाळला तर तक्रार खिडकी. हात दिला तर कोपर बरे होणार नाही; कोपर बरे झाले नाही तर स्क्रू फिरणार नाही; आणि शाखाप्रमुखांनी स्पष्टच सांगितले आहे की, स्क्रू न फिरवू शकणाऱ्या माणसासाठी एकच जागा रिकामी आहे, ती म्हणजे खिडकीचीच दुसरी खुर्ची. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींवर मीटर बसवणारा अर्जदारच.

६. यातून सुटण्यासाठी अर्जदाराने केलेले प्रामाणिक प्रयत्न :

(अ) मागच्या दाराने येणे. पहारेकऱ्याने “साहेब पुढे वाट बघतायत, असं चोरासारखं काय येता?” असे म्हणून अर्जदारास हाताला धरून पुढे आणले. धरलेला हात उजवा होता.

(आ) डावा हात पुढे करणे. आपण तो उजव्या हाताने घेतला आणि “दोन्ही द्या की!” असे म्हणालात.

(इ) दोन्ही हात जोडणे. हे नामी ठरेल असे वाटले होते. परंतु आपण जोडलेले दोन्ही हात एकत्रच धरून हलवले, त्यामुळे डावे कोपरही आता चौकशी करू लागले आहे. मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये असे म्हणतात. येथे खुद्द कोपरच खणले जात आहे.

(ई) दोन्ही हातांत मीटर धरून येणे. हा उपाय लागू पडला. कवेत भलेमोठे मीटर असलेल्या माणसाशी कोणी हस्तांदोलन करू शकत नाही. आपण फक्त खांदा थोपटलात. अर्जदार रोज तेच एक भंगारातले मीटर कवेत घेऊन जिना चढू लागला. कोपर सुधारू लागले. अर्जदार मनातल्या मनात शीळ घालू लागला.

परंतु हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसे, हात न दाखवूनही अवलक्षण होऊ शकते. “हा माणूस घरूनच काम घेऊन येतो,” असे आपण भर सभेत म्हणालात आणि अर्जदारास यंदाचा आदर्श कर्मचारी जाहीर केलेत. उद्या शुक्रवारी त्याचा मंचावर सत्कार आहे. कार्यक्रमपत्रिकेत ‘साहेबांच्या हस्ते मानचिन्ह व प्रदीर्घ हस्तांदोलन’ असे छापलेले आहे. फोटो आपले वाहनचालक काढतात, आणि कोणाचे तरी डोळे मिटतात म्हणून प्रत्येक फोटो परत परत काढतात. बाईंना हे कळताच त्या म्हणाल्या, “एक असा हात दाबला गेला ना, तर बर्फ, पट्टा, बाटली, सगळं पहिल्यापासून. मग मला सांगू नका.”

(लेखनिकेची नोंद : मानचिन्ह ठेवायला मी कपाटावरची जागा पुसून ठेवली आहे. ते मिळायला हवं.)

७. वरील मजकूर अर्जदाराने बराच रागात सांगितला असता. परंतु काल संध्याकाळी एक गोष्ट घडली, ती नमूद करणे त्याला आवश्यक वाटते.

अर्जदार बाईंकडे बाकावर आपला नंबर येण्याची वाट पाहत होता. शेजारी एक गृहस्थ हेल्मेट न काढता बसले होते. डोक्याचे दुखणे असावे असे समजून अर्जदाराने विचारपूस केली नाही. त्यांना आत बोलावल्यावर पडद्यामागून बाईंचा आवाज आला, “दिवसभरात या हाताने काय काम करता?” हेल्मेट टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग दुसरा आवाज आला, “हस्तांदोलन.” “कोणाशी?” “सगळ्यांशी.” “मग बंद करा.” मग तो आवाज अगदी बारीक होऊन म्हणाला, “बाई, ते मीच सुरू केलंय. लोकांना इतकं आवडतं हो ते. एक जण तर प्रश्न संपायच्या आत ‘एकदम मजेत’ म्हणतो. आता कोणत्या तोंडाने बंद करू?”

सदर आवाज कोणाचा होता हे अर्जदारास ओळखता आले नाही, असे तो लिहून देण्यास तयार आहे.

(लेखनिकेची नोंद : घरात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाले, “अगं, ते आमचे साहेब!” पण अर्जात तसं लिहायचं नाही म्हणाले.)

वरील नोंद खोडली आहे असे समजावे.

ते अनोळखी गृहस्थ घाईघाईने हेल्मेट घालून निघून गेल्यावर अर्जदार बराच वेळ बाकावर बसून राहिला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला. मग त्याला इतके हसू आले की बाई बाहेर येऊन पाहून गेल्या. मग थोडे वाईटही वाटले. रोज सकाळी दहा वाजता कुठल्याशा कार्यालयात दोन दुखरी कोपरे, समोरच्याला बरे वाटावे म्हणून, दातांवर दात आवळून एकमेकांना हलवत असतील, असे त्याच्या मनात आले. दोघांपैकी एकाने जरी ‘आई गं’ म्हटले असते तरी दोघेही सुटले असते. पण बोलायचे कोणी?

८. तेव्हा अर्जदार बोलत आहे. त्याची विनंती अशी की, सकाळच्या हस्तांदोलनाचा उपक्रम आपण आजपासून स्थगित करावा आणि त्याचे सर्व खापर बिनदिक्कत अर्जदाराच्या कोपरावर फोडावे. परिपत्रकात ‘मीटर शाखेतील एका नाजूक कर्मचाऱ्याच्या अर्जावरून’ असे लिहावे. लोक अर्जदारास हसतील, त्याची त्याला पर्वा नाही. हसू त्याला कालपासून आवरत नाहीच. जिन्याच्या तोंडाशी आपण उभे राहणे मात्र बंद करू नये. “काय, कसं काय?” हा प्रश्न हात न धरताही विचारता येतो, आणि तो विचारणारा साहेब या विभागास यापूर्वी मिळालेला नव्हता. तसेच उद्या मानचिन्ह टेबलावर ठेवावे, अर्जदार ते डाव्या हाताने उचलील, आणि वाहनचालकांना हवे तितके फोटो काढू द्यावेत.

आवक शाखेच्या लिपिकांना खिडकीवरून परत बोलावल्यास त्यांच्या पत्नी आपल्या आभारी राहतील.

हा अर्ज आज सकाळी जिन्याच्या तोंडाशी अर्जदार डाव्या हाताने पुढे करील. आपण तो डाव्याच हाताने घेतलात, तर मंजूर झाला असे अर्जदार समजेल आणि कोणाला काही सांगणार नाही.

आपल्या जिन्याचा व आपला,
नम्र अर्जदार,
मेकॅनिक, मीटर दुरुस्ती शाखा
(सही डाव्या हाताची आहे, म्हणून ती कोंबडीच्या पायासारखी दिसते)

दिनांक : गुरुवार, हस्तांदोलनापूर्वी.

सोबत :
१) फिजिओथेरपिस्ट बाईंचा दाखला.
२) कोपराचा पट्टा, एक नग, गडद निळा, जवळजवळ नवा. काल बाकावर कोणीतरी विसरून गेले. मालक अज्ञात आहे, परंतु आपल्या मापाचा असावा. पट्ट्यावरच्या वळ्यांवरून तो नेमका दुखऱ्या हाडावर बांधला जात असावा असे दिसते. तसे करू नये. दोन बोटे खाली बांधावा, म्हणजे बरे वाटते.